घोड्याच्या नावाशेजारचे चार आकडे

रेसच्या पुस्तकात घोड्याच्या नावाशेजारी चार बारीक आकडे छापलेले असतात. समजा, ते ५-४-४-२ असे आहेत. म्हणजे गेल्या चार शर्यतींत हा घोडा आधी पाचवा, मग दोनदा चौथा आणि शेवटी दुसरा आला. नवखा माणूस म्हणतो, घोडा सुधारतोय, आज पहिलाच येणार. मुरलेला माणूस तिथे थांबतो. दुसरा आला तेव्हा पळत किती होते, पाच की चौदा? पहिल्याच्या किती मागे होता, मानेभर की आठ लेंथ? पाठीवर वजन किती होतं? अंतर किती, मैदान ओलं की कोरडं, वर जॉकी कोण? पाच घोड्यांच्या शर्यतीत आठ लेंथ मागे राहून मिळवलेला दुसरा क्रमांक आणि चौदा घोड्यांत साठ किलो वाहून अर्ध्या लेंथने हुकलेला चौथा, यांत मला चौथा कितीतरी मोठा वाटतो. पुस्तकात मात्र २ हा आकडा ४ पेक्षा देखणा दिसतो, आणि लोकांचे पैसे देखण्या आकड्यामागे जातात.

उद्याच्या सात-आठ शर्यतींचा अंदाज आदल्या रात्री बांधायचा म्हणजे हे आकडे एकेक करून उकलायचे. उदाहरणासाठी दूर जायची गरज नाही. मुंबईचं महालक्ष्मी आणि पुण्याच्या कॅम्पातलं रेसकोर्स ही दोन मैदानं आपल्याकडेच आहेत, आणि दोन्ही एकाच संस्थेकडे आहेत. ही संस्था १८०२ मध्ये बॉम्बे टर्फ क्लब म्हणून सुरू झाली. तेव्हा शर्यती भायखळ्याला होत. महालक्ष्मीचं मैदान १८८३ चं, पुण्याचं त्याहूनही जुनं, १८३० चं. १९३५ मध्ये संस्थेच्या नावात ‘रॉयल’ आलं आणि ती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब झाली. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर. पावसाळा आला की घोडे, ट्रेनर, जॉकी, मोतद्दार सगळा लवाजमा घाट चढून पुण्याला जातो आणि थंडीच्या तोंडाशी पुन्हा खाली उतरतो.

अंदाज बांधणाऱ्याच्या दृष्टीने या स्थलांतराला फार महत्त्व आहे. घोडे तेच, पण पायाखालची जमीन बदलते. ऑगस्टात पुण्याची हिरवळ पाणी प्यालेली असते, जानेवारीत महालक्ष्मीची घट्ट. जमिनीचा हा मऊपणा मोजायला पेनेट्रोमीटर नावाचं साधं यंत्र असतं. ठरावीक उंचीवरून वजन टाकून सळई मातीत किती रुतते ते पाहायचं, मैदानावर ठिकठिकाणी नोंदी घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. हा आकडा शर्यतीआधी जाहीर होतो. तो न वाचता निवड करण्याची चूक मी एकदा केली आहे. मुंबईत कोरड्या मैदानावर ओळीने दोन शर्यती सहज जिंकलेला घोडा पुण्यात पळणार होता. रात्रभर पाऊस पडला होता, सकाळी आकडा जाहीर झाला होता, आणि मी मात्र आदल्या रात्रीच्या निवडीला चिकटून राहिलो. त्या घोड्याची चाल लांब, जमिनीलगतची होती. चिखलात त्याचे पाय सुटेनात. शेवटच्या वळणावरच तो मागे पडला. त्या दिवसापासून माझ्या वहीत प्रत्येक घोड्यापुढे ‘ओलं’ आणि ‘कोरडं’ असे दोन वेगळे रकाने असतात.

आता वजनाकडे वळू. रोजच्या बहुतेक शर्यती ज्यावर उभ्या आहेत ती ही गोष्ट, आणि बाहेरच्या माणसाला नेमकी हीच माहीत नसते.

सगळे घोडे सारख्याच वजनाने पळाले, तर चांगला घोडा रोज जिंकेल आणि बघायला कोणी येणार नाही. म्हणून हँडिकॅपर नावाचा अधिकारी प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून गुण देतो. या गुणांना रेटिंग म्हणतात. घोडा जिंकला की रेटिंग वाढतं, हरत राहिला की हळूहळू उतरतं. आपल्याकडे रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो. चौथ्या वर्गाच्या शर्यतीत २० ते ४६ रेटिंगचे घोडे पळतात, तिसऱ्या वर्गात ४० ते ६६. चौथ्या वर्गातला ४६ चा घोडा ६० किलो घेऊन पळत असेल, तर त्याच शर्यतीतल्या ३० च्या घोड्याला ५२ किलो मिळतात. या वजनात जॉकी आला, खोगीर आलं, आणि तरीही कमी पडलं तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या ठेवतात. शर्यतीआधी जॉकी काट्यावर उभा राहतो, शर्यत संपल्यावर पुन्हा उभा राहतो.

इंग्लंडात १८५५ मध्ये ॲडमिरल हेन्री राऊस या नौदल अधिकाऱ्याकडे सार्वजनिक हँडिकॅपरचं काम आलं आणि वयानुसार वजनाचं कोष्टक त्याने नीट बसवलं. आजचे हँडिकॅपर त्याच वाटेने जातात. सगळे घोडे विजयाच्या खांबाशी एका ओळीत यावेत, हे हँडिकॅपरचं ध्येय. त्याचा हिशोब कुठे चुकलाय, कुठल्या घोड्याला त्याने कमी लेखलंय, हे शोधणं अंदाज बांधणाऱ्याचं काम. मला या खेळातली ही झुंज सर्वांत मोलाची वाटते. एकाच पुराव्यावरून दोन माणसं दोन निष्कर्ष काढतात आणि मध्यस्थ म्हणून घोडा पळतो.

हिशोबाला एक ढोबळ माप लागतं. घोड्याची नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी म्हणजे एक लेंथ, साधारण २.४ मीटर. पूर्ण वेगातला घोडा सेकंदाला पाच-सहा लेंथ कापतो. १६०० मीटरच्या आसपासच्या शर्यतीत एक किलो जास्त वजन म्हणजे साधारण एक लेंथ मागे, असं जाणकार धरतात. १००० मीटरच्या झटपट शर्यतीत तोच फरक पडायला किलोहून जास्त वजन लागतं, लांब पल्ल्यात कमी पुरतं.

हे माप घेऊन एक शर्यत सोडवून पाहू. शर्यत कल्पित आहे, पण अशा शर्यती दर आठवड्याला होतात. चौथा वर्ग, १४०० मीटर, आठ घोडे. नावांऐवजी रेसकोर्सवर बोलतात तसं नंबरांनीच बोलू.

एक नंबर गेली शर्यत जिंकून आलाय. तीन नंबर त्याच शर्यतीत सव्वा लेंथने दुसरा होता. त्यानंतर हँडिकॅपरने एक नंबरला सहा गुण चढवले आणि तीन नंबरला एक. म्हणजे दोघांतला फरक पाच गुणांनी, अडीच किलोंनी बदलला. अडीच किलो म्हणजे सुमारे अडीच लेंथ. गेल्या वेळी सव्वा लेंथ पुढे असलेला एक नंबर आज कागदावर सव्वा लेंथ मागे पडला. हे कळलं की आपण खूश होतो आणि तीन नंबरवर खूण करतो. पण पुस्तकात जॉकीचा रकाना बाकी असतो. एक नंबरवर आज अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ जॉकी आहे आणि त्याला तीन किलोंची सूट आहे. नव्या मुलांना घोडे मिळावेत म्हणून ही सूट असते. ती धरली की एक नंबर पुन्हा पावणेदोन लेंथ पुढे जातो.

इथपर्यंत बेरीज-वजाबाकी झाली. पुढचं ठरवायला घोड्याचा स्वभाव माहीत लागतो. एक नंबर तोंडाचा कडक आहे, लगाम ओढत पळतो, त्याला आवरायला ताकदीचे हात लागतात. तीन किलो वाचवण्यासाठी कोवळ्या मुलाला वर बसवलं आणि घोड्याने पहिल्या ६०० मीटरमध्येच सगळी वाफ दवडली, तर ती सूट कुठल्या कुठे गेली. त्यातून त्याला ड्रॉ मिळालाय आठवा, सगळ्यांत बाहेरचा. सुटण्याच्या फाटकात कोणाची जागा कुठे, हे चिठ्ठीने ठरतं. आतल्या कुंपणालगतच्या घोड्याला वळणावर कमी अंतर कापावं लागतं, बाहेरच्याला जास्त. एक नंबरला पुढे राहायची सवय आहे, म्हणजे आठव्या जागेवरून सगळ्यांना ओलांडून त्याला आत यावं लागेल. आणि आत सहा नंबर उभा आहे, त्यालाही पुढे राहूनच पळता येतं. दोघं एकमेकांना सोडणार नाहीत, वेग वाढेल, आणि शेवटच्या २०० मीटरला दोघांचेही पाय जड होतील. तीन नंबर मागून येणारा आहे. त्याला हेच हवं.

शर्यत कोणत्या वेगाने जाईल याचा हा विचार कुठल्याही एका आकड्यात सापडत नाही. आठही घोडे सुटल्यावर पहिल्या ४०० मीटरला कोण कुठे असेल, याचं चित्र कागदावर काढावं लागतं. मी ते पेन्सिलीने खरंच काढतो, आठ टिंबं आणि त्यांच्यापुढे बाण. पुढे पळणारा घोडा एकच असेल तर तो स्वतःच्या चालीने, श्वास राखून पळतो आणि सगळ्यांना चकवून जिंकून जातो. असे घोडे मागच्या शर्यतीत भांडत पळून दमलेले असतात, म्हणून त्यांच्या नावाशेजारी ७ किंवा ८ छापलेला असतो. लोक तो आकडा पाहून त्यांना सोडून देतात.

आमच्या शर्यतीत आणखी एक घोडा आहे, सात नंबर. तिसऱ्या वर्गात सतत हरत उतरत चौथ्यात आलाय, दोन महिन्यांनी पळतोय. पुस्तकात त्याच्यापुढे दोन बारीक बदल दिसतात. पहिल्यांदाच ब्लिंकर्स, म्हणजे डोळ्यांना आडोसे, घातलेत, आणि पोलादी नालांऐवजी आज ॲल्युमिनियमचे नाल आहेत. आपल्याकडच्या पुस्तकांत नाल कोणते तेही छापतात. हलके नाल मारून आणणं म्हणजे ट्रेनरने घोडा आज पळण्यासाठीच आणलाय, असं जुने लोक मानतात. तो पक्का पुरावा नाही. पण दोन महिने विश्रांती, आडोसे, हलके नाल, खालचा वर्ग असं सगळं एकाच दिवशी जुळून आलं की मी त्या नावाखाली रेघ ओढतो.

ही झाली ज्यांची कुंडली उपलब्ध आहे अशा घोड्यांची गोष्ट. कोऱ्या पाटीच्या घोड्यांचं काय? एकही शर्यत न जिंकलेल्यांच्या शर्यतीत कित्येक घोडे पहिल्यांदाच पळत असतात, त्यांच्या नावाशेजारी आकडेच नसतात. तिथे आधार दोनच, रक्त आणि पहाट.

रक्त म्हणजे वंश. जगातले सगळे थरोब्रेड घोडे नराच्या बाजूने डार्ली अरेबियन, गोडोल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क या तीन घोड्यांपर्यंत जाऊन पोचतात. कोणत्या बापाची पिल्लं लवकर तयार होतात, कोणाची लांब पल्ल्याला टिकतात, कोणाची ओल्यात खुलतात, हे पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदींवरून कळतं. पुण्याच्या आसपास घोडे पैदास करणारे नामांकित स्टड फार्म आहेत. पूनावाला कुटुंबाचा स्टड १९४६ चा. तिथले शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला रक्तद्रव्य काढण्यासाठी दिले जात. त्यातूनच रक्तद्रव्यापासूनची औषधं आपणच का बनवू नयेत असा विचार पुढे आला आणि १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. रेसच्या घोड्यांचं महाराष्ट्रावर एवढं मोठं ऋण आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

पहाट म्हणजे ट्रॅकवर्क, रोजचा सराव. अजून झुंजुमुंजू असतं, हिरवळीवर धुकं असतं, आणि लांबून आधी नुसत्या टापा ऐकू येतात. स्टॉपवॉच घेतलेली चार-दोन माणसं कठड्याला टेकून उभी असतात. दुसऱ्या दिवशी छापून येतं, अमुक घोडा ८०० मीटर ५३ सेकंद, शेवटचे ६०० मीटर ३९, मोकळा पळाला. वाचणाऱ्याची नजर सेकंदांवर जाते, पण यातला खरा शब्द ‘मोकळा’. जॉकीने हात हलवून, चाबूक दाखवून ६०० मीटर ३७ सेकंदांत काढले आणि दुसऱ्याने लगाम धरून ठेवत ३९ मध्ये काढले, तर मी दुसऱ्यावर विश्वास ठेवीन. सरावात कोणावर किती वजन होतं ते छापून येत नाही. साठ-पासष्ट किलोंचा सराव स्वार आणि पन्नास किलोंचा जॉकी यांच्यात एखादा सेकंद सहज लपतो.

डर्बीच्या दिवशी हे सगळे धागे एकत्र येतात. इंडियन डर्बी महालक्ष्मीवर फेब्रुवारीच्या सुरुवातीला होते, २४०० मीटर, चार वर्षांच्या घोड्यांची. पहिली १९४३ मध्ये झाली आणि ती बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने एडगर ब्रिट या जॉकीच्या हाताखाली जिंकली. डर्बीत हँडिकॅप नसतं. सगळ्या घोड्यांना एकच वजन, घोडींना थोडी सूट. त्यामुळे हँडिकॅपरच्या चुका शोधण्याचं कौशल्य इथे कामाला येत नाही. प्रश्न एकच उरतो, पल्ला झेपेल का? डिसेंबरात १६०० मीटरची इंडियन २००० गिनीज झालेली असते. तेव्हा हेच घोडे तीन वर्षांचे असतात. थरोब्रेड घोडा कुठल्याही महिन्यात जन्मला तरी आपल्याकडे त्याचा वाढदिवस १ जानेवारीलाच धरतात, म्हणून दोन महिन्यांत तो कागदोपत्री चार वर्षांचा होतो. १६०० मीटरला विजेसारखा चमकलेला घोडा आणखी ८०० मीटर तो वेग धरेल का, याचं उत्तर त्याने तोवर दिलेलंच नसतं. मी अशा वेळी गिनीजचा विजेता बाजूला ठेवतो आणि तिसऱ्या-चौथ्याकडे बघतो. खांब ओलांडल्यावरही जो घोडा पुढच्यांना गाठत जाताना दिसला, ज्याची आई लांब पल्ल्याच्या घराण्यातली, तो माझा डर्बीचा घोडा. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून ही शर्यत आठ वेळा जिंकली. ट्रेनर रशीद बायरामजी यांच्या घोड्यांनी ती बारा वेळा जिंकली. २४०० मीटरला घाई न करणारी माणसं ही, म्हणून अशांची नावं पुस्तकात दिसली की वाचणारा दोनदा थांबत असे.

शेवटची तपासणी शर्यतीच्या काही मिनिटं आधी, पॅडॉकमध्ये. घोडे गोल फिरत असतात. आपल्याकडे घोड्यांच्या वैद्याला सालोत्री म्हणतात, शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या नावावरून. त्या नजरेचा थोडासा अंश तरी इथे अंगात आणावा लागतो. कान पुढे आहेत का, पाऊल सैल पडतंय का, मागचा पाय पुढच्याच्या ठशापलीकडे जातोय का? पुठ्ठ्यांवर चकाकी आहे का? मांड्यांच्या मधे पांढरा फेस आला असेल तर त्याने शर्यत इथेच पळून घेतली. मात्र काही घोडे दर वेळी घामाघूम होतात आणि तरी जिंकतात, म्हणून आजचा घोडा कालच्या त्याच घोड्याशी ताडून बघावा लागतो. शेजारच्या घोड्याशी केलेली तुलना फसवते.

एवढं सगळं झालं की मी प्रत्येक घोड्यापुढे टक्के लिहितो. आमच्या कल्पित शर्यतीत तीन नंबरला ३०, एकला २२, सातला १५, सहाला १०, उरलेल्या चौघांत मिळून २३. बेरीज शंभर व्हायलाच हवी. निवड विचारली तर उत्तर तीन नंबर. पण माझ्याच हिशोबाने तो दहापैकी सात वेळा हरणार आहे, हे तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. जगभरच्या मैदानांवर सगळ्यांचा लाडका घोडा, फेव्हरिट, साधारण तीनपैकी एकाच वेळी जिंकतो. पाच लागोपाठच्या शर्यतींचे पाच विजेते सांगायचे असतात त्या जॅकपॉटमध्ये दर वेळी फेव्हरिट धरला तर २४३ पैकी एकदाच साधतं. प्रत्येक शर्यतीत दोन-दोन घोडे धरले आणि त्यांच्यातलाच एक येण्याची शक्यता ५५ टक्के मानली, तरी ३२ तिकिटं काढून हाती येते पाच टक्के शक्यता.

आणि मग भावाचा प्रश्न येतो. टोटची पद्धत जोसेफ ओलर यांनी १८६७ मध्ये पॅरिसमध्ये काढली. सगळ्यांचे पैसे एका राशीत टाकायचे, क्लबचा वाटा कापायचा, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. त्यामुळे ज्या घोड्यावर गर्दी, त्याचा भाव पडतो. समजा, तीन नंबरवर रुपयाला अडीच रुपये मिळणार आहेत, मूळ रुपया धरून. ३० टक्क्यांनी गुणलं तर पंच्याहत्तर पैसे होतात. रुपया देऊन पंच्याहत्तर पैसे घेण्याचा हा सौदा, जिंकण्याची शक्यता सर्वांत जास्त असूनही. सात नंबरवर मिळताहेत नऊ रुपये. पंधरा टक्क्यांनी गुणले तर एक रुपया पस्तीस पैसे. लोकांनी दुर्लक्षलेला घोडा आपल्या किमतीहून स्वस्त मिळतोय. अंदाजाचं सगळं कसब शेवटी इथे पोचतं.

पण हिशोब इथे थांबवला तर तो वाचकाशी खोटेपणा होईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजांना ४० टक्के जीएसटी आहे, तोही पैजेच्या पूर्ण रकमेवर. कर वेगळा धरला तर रुपयाची पैज एक रुपया चाळीस पैशांना पडते. आपला हुशारीने शोधलेला सात नंबर एक रुपया पस्तीस पैसे देतो. म्हणजे हँडिकॅपरला हरवलं, गर्दीला हरवलं, तरी पाच पैसे तोटाच. १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजा हा कौशल्याचा खेळ मानला, आणि आतापर्यंत जे वाचलंत त्यावरून तो निर्णय मलाही पटतो. कौशल्य आहे, पण त्यातून घर चालत नाही. गिरणगावातल्या चाळींनी पगाराच्या रात्री पाहिलेल्या गोष्टी अजून माणसांना आठवतात. रेसचा नाद लागलेल्या घरातली भांडी विकली गेली आहेत. म्हणून मी सांगतो, टक्के लिहा, भाव लिहा, आणि पैसे खिशात ठेवा. वहीवर शंभर शर्यती सोडवून बघा.

गर्दीलाही कमी लेखू नये. पाचामुखी परमेश्वर म्हणतात ते टोटच्या फलकाला बऱ्यापैकी लागू पडतं. विल्यम बेंटर या गणितज्ञ खेळाडूने हाँगकाँगमध्ये संगणकावर घोड्यांच्या शक्यता काढल्या आणि १९९४ मध्ये त्याबद्दल सविस्तर लिहिलं. त्याचा कळीचा मुद्दा हा होता की स्वतःचं गणित आणि गर्दीने ठरवलेला भाव, दोन्ही एकत्र केले तर अंदाज सुधारतो. त्याच्या संगणकाला न दिसलेलं काहीतरी हजारो डोळ्यांनी पाहिलेलं असतं. गर्दीची एक ठळक खोड मात्र फार जुनी आहे. अमेरिकेत आर. एम. ग्रिफिथ यांनी १९४९ मध्ये दाखवलं की लोक अगदी अशक्य वाटणाऱ्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात. रुपयाला पन्नास मिळतील, या स्वप्नाची ती किंमत असते.

आता शर्यत संपली असं समजू. एक आणि सहा नंबर अपेक्षेप्रमाणे भांडत पुढे गेले आणि दोघेही दमले. जिंकला पाच नंबर, मी ज्याला जेमतेम आठ टक्के दिले होते. सात नंबर दुसरा. तीन नंबर चौथा.

लोक तिकिटं फाडून टाकतात तेव्हा माझं अर्धं काम बाकी असतं. मी शर्यतीचं चित्रीकरण पुन्हा बघतो, फक्त तीन नंबरवर नजर ठेवून. ३०० मीटर राहिले असताना तो कुंपणालगत अडकला होता. पुढे दमलेला सहा नंबर, बाजूला आणखी एक घोडा. जॉकीला लगाम खेचावा लागला. वाट मिळाली तेव्हा १५० मीटर उरले होते, आणि तेवढ्यात त्याने चार लेंथ भरून काढल्या. खांबाशी तो दोन लेंथ मागे होता. हरलाय म्हणून त्याचं रेटिंग वाढणार नाही, कदाचित एखादा गुण उतरेलही. मी वहीत तारीख घालून लिहितो: १४०० मी., कोरडं, ३०० ला अडकला, १६०० ला बघणे. पंधरा दिवसांनी येणाऱ्या नव्या पुस्तकात त्याच्या नावाशेजारी नुसता ४ छापलेला असेल.